जुना टाइपरायटर घेताय? तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा

नाशिकमध्ये टाइपरायटर शोधणारे थेट भंगाराच्या किंवा अँटिकच्या दुकानात जातात. तिथे नव्याने रंग मारलेलं मशीन 'ब्रिटिशकालीन' म्हणून दाखवलं जातं. त्यावर गोदरेजचं नाव असेल तर ते ब्रिटिशकालीन असूच शकत नाही, कारण गोदरेजचा पहिला टाइपरायटर 1955चा. हे उत्पादन 2009मध्ये थांबलं. अशा दुकानात जाण्याऐवजी जुन्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी करा. सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक) कोर्टाच्या परिसरात अर्ज टाइप करणाऱ्यांनाही विचारा, दुरुस्ती करणारा माणूस त्यांनाच ठाऊक असतो.

घेताना कागद सोबत न्या आणि प्रत्येक अक्षर उमटवून पाहा. इंग्रजी मशीनवर 1चं बटण दिसलं नाही तर घाबरू नका, अनेक जुन्या मशीनवर त्यासाठी लहान एल वापरतात. मराठी मशीनवर काही मात्रा-उकारांची बटणं दाबली की कॅरेज, म्हणजे कागद धरणारा वरचा सरकता भाग, पुढे सरकत नाही. तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. अक्षराचा ठसा मारणारी दांडी अडकली की लोक शिवणयंत्राचं तेल किंवा चक्क खोबरेल ओततात. दोन दिवस मशीन सुरेख चालतं. मग तेलात धूळ बसते, चिकटा होतो आणि दांड्या वर जाऊन तिथेच राहतात. या दांड्या ज्या कमानीतल्या खाचांत बसतात, तिथे तेल नकोच. रंगाच्या दुकानातून मिनरल टर्पेंटाइन आणा, जुन्या टूथब्रशने खाचा घासा, दांड्या पुन्हा पुन्हा हलवा, मळ पुसून घ्या. रबरी रोलर आणि रंगावर ते सांडू देऊ नका. खिडकी उघडी हवी, जवळपास गॅस-उदबत्ती नको. एकदा घासून भागलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घासा. घाईने दांडी वाकवलीत तर ते अक्षर कायमचं तिरकं उमटेल.

कॅरेज हलतच नाही? आधी लॉक आणि मार्जिन पाहा. ते ठीक असेल तर कॅरेज ओढणारा पट्टा सुटला असेल. त्याला जोडलेली स्प्रिंग ताणलेली असते, म्हणून तिथे कारागीरच हवा.

अक्षरं उमटतच नसतील तर रिबन फेकण्याआधी रिबनचा रंग बदलणारा खटका बघा, तो स्टेन्सिलवर, म्हणजे रिबन न वापरता टाइप करण्याच्या खुणेवर असेल. नवी रिबन साधारण अर्ध्या इंचाची लागते. जुन्या चकत्या मात्र टाकू नका, नवी रिबन त्यांवरच गुंडाळता येते. रोलर कडक झाला असेल तर कागदामागे आणखी एक कागद लावा, ठसा सुधारतो आणि आवाजही कमी होतो.

कॉम्प्युटरसारखं बटण दाबून धरू नका. टोला द्या आणि बोट लगेच उचला. ही लय हाताला आली की टाइप करण्यातला खरा आनंद सुरू होतो.

पावसाळ्यात प्लॅस्टिकने गुंडाळून ठेवलंत तर आत दमटपणा कोंडून गंज चढतो. सुती कव्हर घाला.