चिंगीला सोबत शोधताना

आमचा म्हातारा बोका गेला आणि नऊ वर्षांची आमची मांजर चिंगी रात्री दोन-दोन वाजता घरभर ओरडत फिरू लागली. खाणं निम्म्यावर आलं. आधी तिचं रक्त तपासून घेतलं, कारण या वयात असं ओरडणं थायरॉइडमुळेही असू शकतं. रिपोर्ट चांगले आले, तेव्हाच दुसऱ्या मांजराचा विचार केला.

सगळे म्हणाले, पिल्लू आण. आणलं, आणि तिथेच चुकले. ते दिवसभर तिच्या शेपटीवर झेपा घ्यायचं. बिचारी फ्रिजवरून खाली उतरेना. चौथ्या दिवशी पिल्लू परत दिलं. मग मांजरं सांभाळणाऱ्या एका ताईंकडून पाच वर्षांचा, नसबंदी झालेला, इतर मांजरांत राहिलेला शांत बोका आणला. रंगरूप बघूच नका, स्वभाव विचारा.

लसी आणि ल्युकेमियाची (मांजरांत एकमेकांपासून पसरणाऱ्या विषाणूची) टेस्ट करून त्याला दोन आठवडे मागच्या खोलीत ठेवलं. वासाची ओळख व्हावी म्हणून त्याच्या गालावरून फिरवलेला पायमोजा चिंगीच्या ताटलीजवळ ठेवायचे. पहिल्या दिवशी ती फिस्सकन मागे सरली. सहाव्या दिवशी त्याच मोज्यावर तिने डोकं घासलं. मला रडूच आलं. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, रोज ताटल्या वीतभर जवळ. शीचे ट्रे दोघांना मिळून तीन, वेगवेगळ्या जागी.

अजून ती दोघं एकमेकांना चाटत नाहीत. पण दुपारी एकाच खिडकीत, हातभर अंतर ठेवून झोपतात. चिंगी रात्री ओरडत नाही.