निबंध स्वीकारला गेला? आता फॉर्म नीट वाचा

संशोधन जर्नलने तुमचा शोधनिबंध स्वीकारल्याची मेल आली की पाठोपाठ प्रकाशकाचा फॉर्म येतो. तो मोबाइलवर घाईघाईत 'आय ॲग्री' दाबून भरू नका. प्रिंट काढा, पेन्सिल घ्या. कॉलेजची ग्रंथपाल म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला मी हेच सांगते.

आधी मथळा पाहा. 'कॉपीराइट ट्रान्सफर' असेल तर हक्क प्रकाशकाकडे जातो. 'लायसन्स टू पब्लिश' असेल तर तो तुमच्याकडे राहतो, पण खाली 'एक्सक्लुझिव्ह' (म्हणजे वापराची मुभा फक्त त्या प्रकाशकालाच) हा शब्द आहे का ते शोधा. असेल, तर हक्क तुमच्याकडे जवळपास नावापुरताच उरतो.

मग मुदत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ लेखकाची बरीच काळजी घेतं. हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. म्हणूनच फॉर्मात बहुधा 'संपूर्ण मुदतीसाठी, जगभर' असं आधीच छापलेलं असतं. आपल्याकडे संपूर्ण मुदत म्हणजे लेखकाची हयात आणि त्यापुढे ६० वर्षं. एवढ्या काळासाठी सही करताना, स्वतःचीच आकृती पुढे स्वतःच्या पुस्तकात घ्यायला परवानगी लागेल का, हे संपादकाला मेलवर विचारून घ्या. विचारल्यामुळे निबंध परत येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निबंधाच्या तीन प्रती असतात: तुम्ही पाठवलेली, परीक्षकांच्या शेऱ्यांनंतर सुधारून स्वीकारली गेलेली, आणि प्रकाशकाने मांडणी केलेली पीडीएफ. मधली प्रत जिवापाड जपा. बरेच मोठे प्रकाशक हीच प्रत संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या ऑनलाइन संग्रहात, ठेवू देतात, काही वेळा ठरावीक महिने थांबून. कोणत्या जर्नलचा काय नियम आहे, ते पूर्वी शेर्पा रोमिओ या वेबसाइटवर मिळायचं. आता 'ओपन पॉलिसी फाइंडर'वर जर्नलचं नाव टाका. छापील मांडणीची पीडीएफ मात्र परस्पर रिसर्चगेटवर (संशोधकांच्या सोशल साइटवर) चढवू नका.

हा खटाटोप कशासाठी? १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने जर्नलांची वर्गणी केंद्र सरकारनेच भरायची योजना: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं. सोय मोठी आहे आणि मला तिचा आनंद आहे. पण ती सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला किंवा कुठेच नोकरी नसलेल्या पीएचडीधारकाला तिचा उपयोग नाही. संशोधन जनतेच्या पैशातून, परीक्षण फुकट, आणि वाचायला मात्र कुलूप. हे मला मनापासून टोचतं. तुमची मधली प्रत ते कुलूप उघडते.

पैशांबद्दल थोडक्यात. पूर्वी फक्त ग्रंथालय वर्गणी भरायचं, आता बरीच जर्नलं लेखकाकडूनही शुल्क मागतात. 'नेचर' जर्नलने ओपन ॲक्सेससाठी, म्हणजे निबंध सगळ्यांना फुकट वाचता यावा यासाठी, ९,५०० युरो जाहीर केले होते. हायब्रिड (दोन्ही मार्ग असलेल्या) जर्नलमध्ये वर्गणीचा मार्ग निवडला तर हे शुल्क लागत नाही, तेव्हा घाबरून पैसे भरू नका. बिनशुल्क जर्नलं हवी असतील तर डीओएजेवर, म्हणजे ओपन ॲक्सेस जर्नलांच्या ऑनलाइन सूचीवर, तशी गाळणी आहे. पैसे भरलेच, तर लायसन्स 'सीसी बाय' घ्या, म्हणजे लेखकाचं नाव देऊन कुणीही निबंध वापरू शकतो. 'एनसी' (नॉन-कमर्शियल) लिहिलेलं असेल तर व्यावसायिक वापराचा हक्क काही प्रकाशक स्वतःकडे ठेवतात. आणि यूजीसीने केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आहे, म्हणजे जर्नल खरं की पैसेखाऊ हे आता आपणच तपासायचं.

सही एकाची असली तरी हक्क सगळ्यांचा, म्हणून सहलेखकांना फॉर्म आधी पाठवा. सही झालेला फॉर्म, संपादकाचं उत्तर आणि ती मधली प्रत एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्याच आठवड्यात मधल्या प्रतीची एक नक्कल ग्रंथालयात आणून द्या.