दार लोंबलंय? स्ट्रायकरला हात शेवटी लावा

जुन्या गाडीचं दार लोंबलं की मेकॅनिक म्हणतो, हे डेंटरचं काम. डेंटर म्हणतो, बिजागरी गेलीय, मेकॅनिककडे न्या. दोघांच्या मध्ये पडलेलं हे काम शेवटी गॅरेजातल्या सगळ्यात नव्या पोराच्या गळ्यात येतं. माझ्याही गळ्यात ते तसंच आलं, आणि नीट समजावून सांगणारं कोणी नव्हतं. त्या दिवसांचा त्रास अजून आठवतो, म्हणून आयटीआय करून नुकतेच गॅरेजात लागलेल्यांसाठी हे लिहितोय. पाने कसे धरायचे, दाराचं पॅड कसं काढायचं, हे तुम्हाला येतंच. ते पुन्हा सांगत नाही.

आपल्याकडे कोकणात हे काम संपणारं नाही. चाकरमान्यांनी गावी आणून ठेवलेल्या मारुती ८००, ओम्नी, एखादी ॲम्बेसेडर. वर्षभर मांगराच्या कडेला उभ्या, गणपतीत आणि मे महिन्यात दिवसभर पळणार. घरातलं म्हातारं माणूस उतरताना उघड्या दारावर सगळा भार टाकून उठतं, आणि प्रत्येक घरात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘दार वाईच उचलून लाव रे.’ गिऱ्हाईक हे वाक्य बोललं की अर्धं निदान तिथेच झालं.

आता तो सापळा. दार लागत नाही म्हटल्यावर गॅरेजात पहिली गोष्ट काय करतात? मागच्या खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे ज्याला दाराचं लॉक पकडतं तो खुंटा, सैल करतात, थोडा खाली सरकवतात आणि आवळतात. दोन मिनिटांचं काम. दार झटक्यात लागतं, गिऱ्हाईक खूश. मलाही पहिल्यांदा हेच शिकवलं गेलं, आणि यातून बाहेर पडायला मला फार वेळ लागला. म्हणून इथे जरा जास्त बोलणार आहे.

स्ट्रायकरचं काम बंद दाराला जागेवर धरून ठेवणं, एवढंच. दाराचं वजन बिजागऱ्यांनी पेलायचं. दार लोंबलं की लॉकचं तोंड खाली येतं, ते स्ट्रायकरच्या वरच्या कडेवर चढतं, आणि बंद होताना दार त्याच्यावरून उचललं जातं. खात्री करायची असेल तर दार हळू लावा आणि फक्त त्याच्या मागच्या कडेकडे बघत राहा. शेवटच्या क्षणी कड वर उडी मारते, उघडताना परत खाली बसते. स्ट्रायकरची वरची बाजू घासून चकचकीत झालेली दिसेल. हा पुरावा आहे. स्ट्रायकर खाली घेतलात की पुरावा गेला, रोग तसाच राहिला.

पुढे काय होतं ते नीट ऐका. दार लागतं, पण तिरकं बसतं. मागच्या वरच्या कोपऱ्यात रबर दबत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या फटीतून पाणी आत येणारच. ते गालिच्याखाली मुरतं, पुढच्या खांबाच्या बुडाशी साचतं, आणि ज्या पत्र्यावर खालची बिजागरी उभी आहे तोच पत्रा सडवतं. मग दार आणखी लोंबतं, आणि कोणीतरी स्ट्रायकर आणखी खाली घेतो.

सापळ्याचा दुसरा दात याहून वाईट. कधीतरी कोणीतरी शहाणपणाने बिजागरीचे नवे बुश, म्हणजे पिनभोवती बसणाऱ्या नळ्या, घालतो. दार पुन्हा आपल्या मूळ उंचीला येतं आणि खाली सरकवलेल्या स्ट्रायकरवर आपटतं. नव्या मुलाला वाटतं, बुश चुकीचे बसले. तो चांगल्या बिजागऱ्या सैल करून दार खाली आणतो, खोट्या स्ट्रायकरशी जुळवायला. बरोबर झालेलं काम इथे मोडतं. म्हणून दार हातात आलं की पहिल्यांदा स्ट्रायकरभोवती मार्करने रेघ मारा आणि तो पूर्ण काढून बाजूला ठेवा. मग दार हलक्या हाताने टेकवा. आता ते जिथे बसतं ती त्याची खरी जागा. सगळं काम याच अवस्थेत करायचं.

फटी काय सांगतात तेही वाचायला शिका. दार आणि पुढचं फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, यांच्यामधली फट वर रुंद, खाली बारीक असेल तर दार मागे कललंय. थोडं गणित करा: दोन बिजागऱ्यांत ४० सेंटिमीटर अंतर आणि दार एक मीटर लांब धरलं, तर वरच्या बिजागरीतली १ मिलिमीटरची ढिलाई मागच्या टोकाला अडीच मिलिमीटर होते. त्यामुळे टोकाला दार बरंच लोंबलेलं दिसलं म्हणून घाबरू नका. मूळ दोष बऱ्याचदा लहान असतो.

दोष कुठे आहे हे हाताने कळतं. दार अर्धं उघडा, एकाने मागचं टोक धरून वर-खाली करायचं, दुसऱ्याने बिजागरीच्या सांध्यावर बोट ठेवायचं. पिन आणि पान, म्हणजे बिजागरीची बोल्टने बसणारी पट्टी, यांच्यात हालचाल असेल तर पिन-बुश गेले. पान आणि खांब यांच्यात असेल तर आधी बोल्ट बघा. बोल्ट घट्ट असूनही पत्राच हलत असेल तर थांबा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खांबाच्या बुडाशी टोचून बघा. पत्रा भुसभुशीत लागला तर हे काम बिजागरीचं राहिलं नाही, कापून नवा पत्रा घालायचं झालं, आणि ते तुमच्या एकट्याचं नाही. खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाड्यांत आणि जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला बुडालेल्या गाड्यांत ही तपासणी कधीच टाळू नका. गिऱ्हाइकाला तोंडावर स्पष्ट सांगा. वेल्डिंग करावंच लागलं तर आधी बॅटरी सोडा, गालिचा आणि वायरिंग दूर करा.

पिन-बुशचं काम मात्र तुम्हाला जमेल, अगदी नक्की जमेल. दार उघडं थांबवणारा पट्टा आधी सोडा, स्पीकर किंवा काचेच्या वायरी काढा, बिजागऱ्यांच्या पानांभोवती रेघा मारा. दाराखाली जॅक, वर लाकडाचा तुकडा आणि चिंध्या. दुसरा माणूस हवाच. एकट्याने दार उतरवू नका, फेंडरचा पत्रा जाईल आणि पायाचं बोटही. पिन गंजून बसलेली असते. आदल्या संध्याकाळी तेल सोडून ठेवा, सकाळी ठोका.

मारुती ८०० आणि ॲम्बेसेडर या दोन्हींचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, त्यामुळे नव्या बिजागरीसाठी शोधाशोध करावी लागते. भंगारातली बिजागरी आणली तर तिचीही पिन आधी हलवून बघा. तीही तितकीच झिजलेली असू शकते. माझं मत विचाराल तर लेथवाल्याकडे जा. मिरजोळे, खेर्डी, कुडाळ, जवळच्या एमआयडीसीत कोणी ना कोणी टर्नर भेटतोच. भोक अंडाकृती झालं असेल तर ते गोल करून त्या मापाचा गनमेटलचा बुश आणि नवी पिन तो करून देतो. व्हर्नियरने माप तुम्ही स्वतः घ्या, अंदाजाने सांगू नका.

एक आडवाट सगळीकडे दिसते: बिजागरीत लाकडाचा ठोकळा घालून दार दाबायचं, म्हणजे पान वाकून दार वर येतं. व्हिडिओत हे फार छान दिसतं. मला ही पद्धत अजिबात मान्य नाही. पिन झिजलेलीच राहते, आणि गंजलेल्या खांबाला त्या दाबाने चीर जाते. जो वस्ताद तुम्हाला पहिल्याच दिवशी हे शिकवतो, त्याच्याकडे चहा प्या आणि दुसरा वस्ताद शोधा. जो पॅड काढून, बॅटरीचा उजेड पाडून ‘तूच बघ, काय हलतंय ते’ म्हणतो, त्याच्याकडे पगार कमी असला तरी राहा.

जुळवताना एका वेळी एकच बिजागरी सैल करायची. कुठले बोल्ट कोणत्या दिशेला सरकतात हे गाडीगणिक बदलतं, आधी लांबट भोकं बघून घ्या. मागची कड वर हवी असेल तर दाराची वरची पुढची बाजू फेंडरकडे आणायची. अगदी केसभर हलवा, आवळा, टेकवा, बघा. पहिल्यांदा यात अख्खी दुपार जाते. जाऊ द्या, सगळ्यांची जाते.

आणि दाराच्या बुडाची भोकं साफ करा. आंब्याच्या पानांचा चुरा आणि जांभ्याची लाल माती त्यांत घट्ट बसते, पाणी आत साचतं, बूड सडतं आणि दाराचं वजनही वाढतं. पातळ तार घालून मोकळी करा.

फटी सारख्या झाल्या की मग स्ट्रायकर. अर्धवट आवळून लावा, दार हळू बंद करा, लॉकच्या तोंडाच्या मधोमध येईल असा बसवा, मग घट्ट आवळा. लॉकला दोन टप्पे असतात. दोन्हींचा आवाज आला पाहिजे. पहिल्यावरच अडकलेलं दार घाटात धक्क्याने उघडू शकतं, इथे तडजोड नाही. शेवटी पाइपने वरच्या कोपऱ्यावर पाणी मारा आणि आत हात फिरवून बघा. कोरडं असेल तर गाडी द्या, आणि पंधरा दिवसांनी बोल्ट पुन्हा आवळायला बोलवा. त्या फेरीचे पैसे घेऊ नका.