उमेदवाराविरुद्ध खोटा किंवा विखारी मजकूर दिसला तर

रिपोर्ट करण्याआधी पुरावा जपा. पोस्ट हटली की तक्रारीला आधार उरत नाही. पूर्ण स्क्रीनशॉट, पोस्टची लिंक, तारीख-वेळ आणि खात्याचे युजरनेम नोंदवा. वर दिसणारे नाव सहज बदलता येते. शक्य असेल तर लिंक वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावरही साठवा.

मग मजकूर नेमका काय आहे ते ठरवा. कामावरची टीका, कितीही बोचरी असली तरी, द्वेष नव्हे. जात, धर्म, वंश वा लिंगावरून हल्ला, धमकी, तोतया खाते यांची तक्रार योग्य प्रकाराखालीच करा. चुकीचा प्रकार निवडल्यास ती फेटाळली जाऊ शकते. जिवाची धमकी असेल तर थेट पोलिसांत जा.

व्हिडिओ संशयास्पद वाटला तर त्यातल्या तीन-चार फ्रेम उलट प्रतिमा-शोधात (चित्र देऊन ते आधी कुठे आले होते ते शोधण्याची सोय) टाका. बहुतेकदा जुनाच व्हिडिओ नव्या मथळ्याने फिरत असतो.

खुलासा करताना मूळ पोस्ट शेअर करू नका, त्याने तिचाच प्रसार वाढतो. आधी खरी माहिती, मग अफवेचा एका ओळीत उल्लेख, शेवटी पुन्हा खरी माहिती पुराव्यासह. अफवा ज्या ग्रुपमध्ये फिरली तिथेच हा खुलासा टाका.

महिला उमेदवारांची बनावट अश्लील छायाचित्रे पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका, फक्त लिंक नोंदवा. उमेदवार स्वतः स्टॉपएनसीआयआय या, संमतीविना पसरणारी अशी छायाचित्रे रोखणाऱ्या ऑनलाइन सेवेची मदत घेऊ शकते: तिथे छायाचित्र अपलोड होत नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे त्यापासून बनवलेला ओळख-कोड जातो.