कारागृह देखरेख मंडळाच्या नव्या सदस्यांनो, या चुका टाळा

इंग्लंड आणि वेल्समधील प्रत्येक कारागृहावर देखरेख ठेवण्यासाठी सामान्य नागरिकांचे एक मंडळ नेमावे लागते, अशी १९५२ च्या कारागृह कायद्याची तरतूद आहे. २००३ पर्यंत त्याला अभ्यागत मंडळ म्हणत. आता स्वतंत्र देखरेख मंडळ म्हणतात, आणि भिंतीच्या आत सगळे त्याला ‘इंडिपेंडंट मॉनिटरिंग बोर्ड’ या इंग्रजी नावावरून नुसते ‘आयएमबी’ म्हणतात. काम बिनपगारी असते, प्रवासखर्च वगैरे मिळतो. मिडलँड्समधल्या एका प्रशिक्षण कारागृहात मी काही वर्षे हे काम करते आहे आणि नव्या सदस्यांना सुरुवातीचे महिने बरोबर घेऊन फिरण्याची जबाबदारी बहुतेक वेळा माझ्यावर येते. अलीकडे त्यांच्यात आपली मराठी मंडळीही दिसू लागली आहेत, याचा आनंद आहे; मात्र त्याच त्या चुका आता मराठीतूनही ऐकाव्या लागतात, म्हणून हे लिहायला बसले.

सर्वांत महागात पडणारी चूक एका शब्दाची आहे: “बघते.” आपल्याकडे कुणी अडचण सांगितली आणि आपण ‘बघते मी’ म्हटले की ऐकणारा निम्मे काम झाले असे धरून चालतो. इंग्रजीत तेच वाक्य जरा गुळमुळीत वाटेल अशी नव्या सदस्याची समजूत असते, पण दिवसातले कित्येक तास कोठडीत बंद असलेल्या माणसाला ते गुळमुळीत वाटत नाही. त्याला ते वचन वाटते.

माझ्या पहिल्याच वर्षी दुसऱ्या कारागृहातून बदलून आलेल्या एका कैद्याने आमच्या पेटीत अर्ज टाकला. त्याचे सामान दोन सीलबंद पिशव्यांतून निघाले होते आणि पोचली होती एकच. हरवलेल्या पिशवीत बूट, रेडिओ आणि अपिलाची कागदपत्रे होती. मी विंगवर जाऊन त्याला भेटले, त्याच्याजवळची सामानाच्या नोंदीची प्रत पाहिली आणि ‘बघते’ म्हणून निघाले. त्याच आठवड्यात रिसेप्शनमध्ये, म्हणजे आलेल्या कैद्यांचे सामान नोंदवतात तिथे, विचारले, तेव्हा आधीच्या कारागृहाला ई-मेल गेल्याचे कळले. पुढच्या खेपेला तो अधिकारी रजेवर होता, त्याच्या पुढच्या खेपेला एकांतकक्षात काही गडबड झाल्याने माझा सगळा वेळ तिकडे गेला, आणि मग दिवाळीसाठी मी भारतात गेले. परत आल्यावर पाहते तो ई-मेलला उत्तर नव्हतेच, शिवाय त्या माणसाने औपचारिक तक्रारही केलेली नव्हती. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते, आणि ते तीन महिने त्याने माझ्या भरवशावर घालवले होते. शेवटी त्याने तक्रारीचा पहिला अर्ज, म्हणजे ‘कॉम्प-१’, भरला. उशिराचे कारण म्हणून दोन वाक्ये लिहिली होती: “आयएमबीच्या बाईंनी हे प्रकरण हाती घेतले होते. मी वाट पाहिली.” तक्रारींचे काम पाहणाऱ्या लिपिक बाईंनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि काहीही न बोलता चहा करायला उठून गेल्या. विलंब माझ्यामुळे झाला असे मी लेखी दिले, म्हणून तक्रार दाखल झाली. पिशवी शेवटपर्यंत सापडली नाही. बूट आणि रेडिओचे पैसे बऱ्याच काळाने मिळाले; अपिलाच्या कागदांचे मोल मात्र कुणाला ठरवता आले नाही.

या गोष्टीत माझा चांगुलपणा आड आला असे कुणी म्हणाले तर ते मला पटत नाही. आड आली ती घाई, आणि ‘मी आहे ना’ असे म्हणण्यातले सुख. कारागृहाचे १९९९ चे नियम आम्हाला इमारतींची स्थिती, कारभार आणि कैद्यांना मिळणारी वागणूक यांविषयी खात्री करून घ्यायला सांगतात, आणि कैद्याला आमच्यापुढे जी तक्रार किंवा विनंती मांडायची असेल ती ऐकून घ्यायला सांगतात. तक्रार निकालात काढण्याची व्यवस्था वेगळी आहे: आधी कारागृहाचे उत्तर, ते पटले नाही तर आतलेच अपील, आणि त्यानंतर बाहेरचा स्वतंत्र कारागृह व परिवीक्षा (प्रोबेशन) लोकपाल. मंडळ ही त्या जिन्याची पायरी नव्हे. जिना जागेवर आहे का आणि माणसाला चढू दिले जाते आहे का, एवढे आम्ही पाहतो. तेव्हापासून कोणाच्याही अर्जावर मी आधी तीन गोष्टी विचारते: कागद भरला का, त्याचा क्रमांक काय, उत्तराची तारीख कोणती. मग एवढेच सांगते की कागद कुठे अडकला आहे ते मी विचारीन आणि अमुक तारखेला येऊन कळवीन, निर्णय माझा नाही. त्या तारखेला सांगण्यासारखे काही नसले तरी जाते. “अजून काही नाही” हे तोंडावर ऐकवायला तीन मिनिटे लागतात, आणि नव्या सदस्यांना नेमकी तीच तीन मिनिटे जड जातात.

दुसरी चूक प्रशिक्षण कारागृहाच्या मुळाशी जाते. अशा कारागृहात शिक्षा लागलेले, बहुतांशी क वर्गाचे, म्हणजे खुल्या कारागृहात ठेवता येत नाहीत पण पळून जाण्याची फारशी शक्यता नाही असे, कैदी असतात आणि त्यांनी काम करावे, शिकावे, वर्तनसुधारणेचे कार्यक्रम पुरे करावेत म्हणून ते कारागृह चालवले जाते. म्हणजे मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता किती माणसे प्रत्यक्ष काहीतरी करत आहेत, हा तिथला पहिला प्रश्न. नवे सदस्य त्याचे उत्तर बैठकीच्या कागदावरून उचलतात.

गेल्या वर्षी माझ्याबरोबर एक हुशार तरुण होता, संगणकक्षेत्रातला. दुसऱ्याच फेरीनंतर त्याने रंगीत तक्ता करून आणला आणि आपल्या अहवालात “कार्यशाळांतील उपस्थिती उत्तम” असे लिहिले. आकडा बैठकीत ऐकलेला होता आणि खोटाही नव्हता. पुढच्या आठवड्यात मी त्याला सुतारकामाच्या शाळेत नेले आणि दारात उभे राहून डोकी मोजायला सांगितले. यादीत २४ नावे होती, आत होते ११ जण. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली असते, हत्यार बाहेर दिले की आकृती उघडी पडते आणि तिथे घेणाऱ्याचा बिल्ला लटकतो. त्या सकाळी पटाशा, करवती, रंधे जवळजवळ सगळे जागेवरच होते, कारण लाकूड आलेले नव्हते. अकरांपैकी चौघे पत्ते खेळत होते आणि बाकीचे जुन्या बाकांना सँडपेपर मारत होते. न आलेल्या १३ जणांचा हिशेब प्रशिक्षकांनी प्रामाणिकपणे दिला: तीन दवाखान्यात, दोन वकिलांशी व्हिडिओवर, एक एकांतकक्षात, आणि उरलेले सात एकाच विंगचे, जिथे अधिकारी कमी असल्याने सकाळी दारेच उघडली नव्हती. मंजूर कारणाने गैरहजर असलेले लोक त्या टक्केवारीतून वगळलेले होते. हिशेबात खोट नव्हती. तो हिशेब वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होता. त्या तरुणाने पुढे तक्ता ठेवला, पण त्यात एक रकाना वाढवला: ‘मी स्वतः मोजले’. मंडळातले आम्ही सगळेच आता तो वापरतो. तक्त्यांविषयीचे माझे मत मात्र फारसे बदललेले नाही.

पाहिलेले, ऐकलेले आणि वाचलेले या तिन्हींची अहवालात सरमिसळ करू नका. “विंगवर शॉवर बंद आहेत” आणि “विंगवरच्या तिघांनी शॉवर बंद असल्याचे सांगितले” या वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले लिहायचे असेल तर नळ उघडून पाहावा लागतो.

ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जाऊ नका. नियमाने कोणत्याही वेळी कारागृहाच्या कोणत्याही भागात जाण्याचा अधिकार आपल्याला दिलेला आहे. तो सोमवारी दहाच्या कॉफीला जोडून वापरणारे लोक पाहिले की माझा संयम सुटतो. रविवारी संध्याकाळी जाऊन पाहा. मोबाईल गाडीत ठेवा, स्मार्ट घड्याळही. आत नेणे हा गुन्हा आहे आणि ‘विसरले’ हे कारण चालत नाही. कैद्याचा गुन्हा विचारू नका आणि घरी जाऊन इंटरनेटवर शोधू तर मुळीच नका. स्वतःला इजा करून घेण्याचा धोका असलेल्या कैद्याची नारिंगी फाईल टेबलावर दिसली म्हणून समाधान मानू नका. उघडा, आणि रात्रीच्या नोंदी बरोबर तासाच्या ठोक्याला, एकाच शाईत, एकाच वाक्यात लिहिल्या आहेत का ते पाहा. कोठडीतल्या घंटेला पाच मिनिटांत कुणीतरी गेले पाहिजे. ते अधिकाऱ्याला विचारून कळत नाही, विंगच्या टोकाला उभे राहून कळते. अर्जांच्या पेटीची किल्ली फक्त मंडळाकडे असते, म्हणून “काढून ठेवतो ना आम्ही” असे कुणी सौजन्याने म्हटले तरी नको म्हणा. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सुनील बत्रा या कैद्याच्या प्रकरणात तुरुंगांत तक्रारपेट्या ठेवायला सांगितले, त्यामागेही पेटी उघडणारा माणूस बाहेरचा असावा हाच विचार होता.

एकांतकक्षाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तिथे दारातली फट उघडून “ठीक आहात ना?” विचारणे आणि “हो मिस” ऐकून नोंद करणे, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता नव्या सदस्यांना तो प्रश्न विचारायची बंदीच घालते. शेजारी अधिकारी उभा असताना माणूस दुसरे काय सांगणार? अधिकाऱ्यांच्या दृष्टीआड आणि ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे. धोका असल्याचे त्यांनी सांगितले तर तो कोणता ते विचारा, आणि निदान त्यांना चार पावले मागे सरायला सांगा. मग उत्तर ‘हो-नाही’त संपणार नाही असे विचारा: काल मोकळ्या हवेत फिरायला किती वाजता नेले, चादर कधी बदलली, डॉक्टर दारात उभे राहून बोलले की आत आले, इथे का ठेवले आहे असे तुम्हाला सांगण्यात आले. शेवटच्या प्रश्नाला बऱ्याचदा जे उत्तर मिळते आणि कागदावर जे कारण लिहिलेले असते, त्यांतला फरक जसाच्या तसा टिपून घ्या. बेचाळीस दिवसांपुढे कुणाला ठेवायचे असेल तर कारागृहाबाहेरच्या वरिष्ठांची मंजुरी लागते. तो दिवस जवळ येऊ लागला की मी तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहिते. फेरविचाराच्या बैठकीत आपण बसतो ते प्रक्रिया नीट होते का हे पाहायला. आपली मान डोलली म्हणजे मंडळाची संमती, असा अर्थ कुणी काढू नये म्हणून मी तिथे मानही डोलवत नाही.

हा अलिप्तपणा काहींना कोरडा वाटतो. पण १९९२ पर्यंत याच मंडळाला कैद्यांना शिक्षा सुनावण्याचाही अधिकार होता. १९९० मध्ये मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज कारागृहातला उठाव २५ दिवस चालला, त्याच्या चौकशीत न्यायमूर्ती वुल्फ यांनी शिक्षा देणे आणि देखरेख करणे ही कामे एका हाती नसावीत असे सांगितले, आणि तो अधिकार गेला. जुने कैदी अजूनही आम्हाला गव्हर्नरच्या, म्हणजे कारागृहप्रमुखाच्या, बाजूचे समजतात. त्यांना दोष देता येत नाही.

आपल्या लोकांसाठी एक खास सूचना. हिंदी, गुजराती, पंजाबी बोलणारा कैदी दिसला की आपल्याला भरून येते आणि अधिकारीही लगेच म्हणतात, “तुम्हीच जरा सांगा ना त्याला.” सांगू नका. दुभाष्याची फोनसेवा उपलब्ध असते आणि ती वापरली जाते का, हे पाहणे हे आपले काम आहे. एकदा मी एका बैठकीत भाषांतर केले आणि नंतर लक्षात आले की त्या बैठकीवर देखरेख ठेवायला कुणी उरलेच नव्हते. त्या माणसाशी त्याच्या भाषेत जरूर बोला, पण नंतर, एकट्याने.

वार्षिक अहवालाच्या वेळी गेल्या वर्षीची फाईल उघडून आकडे बदलणे ही आळशी माणसाची चूक आहे, आणि ती अनुभवी सदस्य जास्त करतात. अहवाल मंत्र्यांकडे जातो आणि प्रसिद्ध होतो. हरवलेल्या सामानाचा परिच्छेद आमच्या अहवालात वर्षानुवर्षे त्याच शब्दांत होता आणि मंत्र्यांचे उत्तरही दरवर्षी त्याच शब्दांत येत होते. त्यानंतर आम्ही शब्द बदलले: किती अर्ज आले, कोणत्या महिन्यांत, आणि त्यांतली किती पिशव्या पाठवणाऱ्या कारागृहातून निघाल्याचीच नोंद नव्हती. त्या वर्षी पहिल्यांदा आम्हाला उलट प्रश्न विचारणारे पत्र आले.

आणि किल्ल्या. बाहेर पडताना साखळीवरून सोडवून खिडकीत द्या आणि किल्ल्या घेताना दिलेला तुमचा बिल्ला परत हातात आल्याशिवाय दरवाजाकडे वळू नका. माझ्याबरोबरचे एक निवृत्त गृहस्थ पहिल्याच महिन्यात किल्ल्या घेऊन थेट सुपरमार्केटमध्ये पोचले. तिकडे आत मोजणी थांबवून शोधाशोध सुरू झाली होती, कारण किल्ल्यांचा जुडगा हरवला तर साऱ्या कारागृहाची कुलपे बदलण्याची वेळ येते. ते अर्ध्या तासात परतले, लालबुंद होऊन, एका हातात जुडगा आणि दुसऱ्या हातात दुधाची पिशवी. दूध दाराशी ठेवून घेण्यात आले.