पेटंट काढाचं असन तं आधी मोबाईल खिशात ठेवा

माझं वेल्डिंगचं दुकान आहे, वर्धा जिल्ह्यात, हायवेपासून थोडं आत. डवऱ्याची पास, तिफनीचे फण, ट्रॉलीचं मोडलेलं हुक असली कामं चालू असतात अन् अधूनमधून एखादा पोट्टा येऊन स्टूलावर बसतो, "भाऊ, एक मशीन बनवली न, पेटंट कसं काढाचं?" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून जीभ दुखली म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मी वकील नाही, एजंट नाही, एक पेटंट हातचं घालवलं त्यात जेवढं शिकलो तेवढंच सांगतो.

ते घालवलं कसं ते आधी ऐका. सरकी टोबताना बायांना दिवसभर वाकून राहावं लागते, म्हणून मी पीव्हीसी पाईपची काठी बनवली, उभ्यानं टोबायची. खाली लोखंडी चोच, वर सायकलचा ब्रेक, ब्रेक दाबला का चोच उघडते अन् दोन सरक्या पडतात. पण आपली काळी माती, पाऊस पडला का चोचीत असा गारा बसते की चार खड्डे झाले की काडी घेऊन कोरत बसा. मग मी जुन्या ट्यूबचा जिभेएवढा तुकडा चोचीच्या आतून असा लावला की चोच मिटताना तो माती खरवडून बाहेर फेकते. एवढंच, दहा रुपयाचं काम नाही, पण काठी अडकणं बंद झालं. मग काय, वावरातच उभं राहून व्हिडिओ काढला, चोच जवळून दाखवली, ती रबराची जीभ बोटानं उचलून दाखवली, ग्रुपवर टाकला, पुतण्यानं यूट्यूबवर चढवला. दुसऱ्या का तिसऱ्या हंगामात बाजारात डिट्टो तशीच काठी, जिभेसकट. मी तणतणत नागपूरला एका पेटंटवाल्याकडे गेलो, त्यानं पहिलंच विचारलं, "हे आधी कुठं दाखवलं का?" मी मोठ्या हौसेनं व्हिडिओ दाखवला, व्ह्यूज पण सांगितले. त्यानं फक्त खालची तारीख पाहिली अन् मोबाईल परत दिला. "आता काही होत नाही भाऊ."

तर कायदा असा आहे, पेटंट कायदा १९७०. अर्ज टाकायच्या तारखेआधी ती गोष्ट जगात कुठंही लोकांसमोर आली असेल तर ती नवीन राहत नाही, अन् ती तुम्ही स्वतःच आणली तरी सूट नाही. सरकारनं गॅझेटमध्ये जाहीर केलेल्या प्रदर्शनासाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण तालुक्याच्या कृषी मेळाव्याला ती लागू आहे असं धरून चालू नका. फॅब्रिकेटरला दाखवणं भागच असेल तर साध्या कागदावर लिहून घ्या की हा बाहेर सांगणार नाही, सही, तारीख. गावात वाईट वाटते लोकांना, मला पण एकजण म्हणाला "काहून गा, माह्यावर भरोसा नाही का?" वाटू द्या.

दुसरं काम शोध. गुगल पेटंट्स फुकट आहे, आपल्या सरकारची ipindia नावाची साईट, म्हणजे आयपी इंडिया, तिच्यावर पण शोधता येते. शोधायचं इंग्रजी शब्दांनी, टोबायच्या काठीला तिकडे हँड डिबलर नाहीतर जॅब प्लांटर म्हणतात, अन् एका शब्दावर थांबू नका, त्याच वस्तूची पाच नावं असतात. मी बसलो तर डोळेच उघडले, उभ्यानं टोबायची काठी ही जुनी गोष्ट निघाली, कितीतरी जणांची. माझं नवीन काय होतं, तर ती जीभ, बस. बहुतेकांचं असंच असते, अख्खं यंत्र जुनं अन् नवीन फक्त एक खिटी. ती खिटी कोणती हे ज्याला कळलं त्याचं अर्धं काम झालं. अन् नुसतं नवीन असून भागत नाही, त्या धंद्यातल्या माणसाला "हे तर कोणीही केलं असतं" असं वाटलं तरी अर्ज अडकतो.

आता तुमची वस्तू पेटंटात बसते का, इथं जास्त लोक फसतात.

खेळण्यांपासून सुरू करतो कारण आमच्या शेजारी सुतार आहे, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करतो. त्यानं एक बैल असा केला की दोरीनं ओढला का मान हलवते. चाकाच्या दांड्याला मधोमध बाक दिला, त्या बाकातून तार वर मानेत, चाक फिरलं का तार खालीवर. दिसायला झकास, पण दांड्याला बाक देऊन खालीवर हालचाल काढणं ही युक्ती शिवणयंत्रापासून इंजिनापर्यंत सगळीकडे आहे, पेटंटाला अवघडच. त्याला मी म्हटलं तू डिझाईन रजिस्टर कर. बैलाचा आकार, शिंगांची वळण, चाकाची नक्षी, म्हणजे डोळ्याला जे दिसते ते डिझाईनमध्ये येते, साध्या माणसाला फी १००० रुपये, १० वर्षं मिळतात अन् पुढं ५ वाढवता येतात. अट तीच, आधी अर्ज मग बाजार. अन् खेळणी विकणाऱ्यांनी हेही पाहा, २०२१ पासून १४ वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागते, केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराला त्यातून सूट आहे, तर आधी ती नोंद करून टाका.

रुबिक क्यूब माहीत आहे ना, हंगेरीच्या एर्नो रुबिकनं १९७५ च्या जानेवारीत आपल्या देशात अर्ज केला पण वर्षाच्या आत बाहेरच्या देशांत केला नाही, अन् मग बाहेरची दारं बंद. १९८० ला जगभर विकायला काढताना कंपनीनं निदान नाव तरी आपलं राहावं म्हणून त्याचंच नाव क्यूबला दिलं. तेव्हा नावाचा ट्रेडमार्क हा पण एक कुलूपच आहे, एकट्या माणसाला ऑनलाइन ४५०० रुपये, दर १० वर्षांनी रिन्यू करत राहा, कितीही वर्षं चालते. पटावरच्या खेळाचे नियम मात्र आपल्याकडे पेटंटात बसत नाहीत, कायद्यात सरळ लिहिलं आहे. अमेरिकेत १९०४ ला एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईला जमीनमालकीच्या खेळाचं पेटंट मिळालं होतं, त्यातूनच पुढं मोनोपॉली आली, आपण लहानपणी व्यापार खेळायचो त्याची पणजी समजा. १९२४ ला तिनं त्या खेळाचं दुसरं पेटंट घेतलं, अन् १९३५ ला ते ५०० डॉलरला विकलं.

औषधाचं तर विचारूच नका. गुडघ्याच्या तेलाचं पेटंट मागायला दरवर्षी कोणीतरी येतेच. आजीचा काढा, वैदूचा लेप, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ज्ञान पेटंट होत नाही, अन् ते आपल्या फायद्याचंच आहे बरं का. १९९५ ला अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखमेवर हळद लावायचं पेटंट मिळालं होतं! आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे विज्ञान संशोधनाच्या सरकारी संस्थेनं, तेव्हा डॉ. माशेलकर तिथं प्रमुख, जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन १९९७ ला ते रद्द करून घेतलं. म्हणजे जो नियम तुमच्या तेलाला आडवा येते त्याच नियमानं आपली हळद वाचली. इलाजाची पद्धत, म्हणजे अमुक असं दाबा, तमुक तेवढे दिवस द्या, हीपण चालत नाही. इलाजाला लागणारं साधन मात्र चालते. माझी पुतणी नर्स आहे, तिचं म्हणणं घरी बाजेवर पेशंट असला का सलाईनची बाटली धरून एक माणूस उभा ठेवावा लागते, तर बाजेच्या खुराला कसायचा एक क्लॅम्प हवा. असा क्लॅम्प, त्यात काही वेगळी अक्कल असेल तर, पेटंटात जाऊ शकते. वनस्पतीपासून खरंच काही नवीन काढलं असेल तर पेटंट हातात पडायच्या आधी जैवविविधता प्राधिकरणाकडे पण नोंद लागते, ते ऑफिस चेन्नईला आहे.

अन् औषधाचं पेटंट मिळालं म्हणजे भाव लावायला मोकळं रान असंही नाही. मूत्रपिंड अन् यकृताच्या कॅन्सरवरचं नेक्साव्हर, बायर कंपनीचं, महिन्याला २ लाख ८० हजारांच्या आसपास पडायचं. २०१२ ला सरकारनं नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटवाल्याची मर्जी नसतानाही ते औषध बनवायची परवानगी, महिन्याचा भाव ८८८० ठरवून, बायरला रॉयल्टी देऊन.

बियाण्यांचं वेगळंच आहे. बियाणं, वाण, पेरायची पद्धत यातलं काहीच पेटंटात येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले दादाजी खोब्रागडे, १९८३ ला पटेल-३ धानात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या निवडून पेरत पेरत एचएमटी धान उभं केलं, नाव घड्याळावरून. तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाला संरक्षण देणारा कायदाच देशात नव्हता, तो आला २००१ ला. आता तुमच्या वावरात असं काही सापडलं तर पीक वाण संरक्षण प्राधिकरणाकडे शेतकरी वाण म्हणून नोंद करा, शेतकऱ्याला नोंदणी फी नाही, पिकांना १५ वर्षं संरक्षण मिळते.

दुकानदारीच्या आयडियांचं थोडक्यात सांगतो. उधारी वसुलीची स्कीम, भिशीची नवीन पद्धत, घरपोच किराण्याचं गणित, हे सगळं धंद्याची पद्धत म्हणून बाद. अमेझॉनला एका क्लिकवर खरेदीचं पेटंट १९९९ ला अमेरिकेत मिळालं, आपल्याकडे नुसत्या धंद्याच्या पद्धतीला अन् नुसत्या कम्प्युटर प्रोग्रॅमला कायद्यातच जागा नाही. वस्तू असेल तर बोला, वजनाचा काटा, पुडी बांधायचं यंत्र. (खर्रा घोटायच्या मशीनचं मला विचारू नका, तिघं येऊन गेले.) पण वस्तू असली तरी वेळ साधली पाहिजे. बारकोडचं पेटंट वुडलँड अन् सिल्व्हर या दोघांना १९५२ ला मिळालं, १९६९ ला मुदत संपली, अन् दुकानात पहिलं पाकीट स्कॅन झालं १९७४ ला, च्युइंगमचं. आपल्याकडे घड्याळ अर्जाच्या तारखेपासून चालू होते, २० वर्षं, मशीन विको का न विको.

आता अर्ज. मराठीत चालत नाही, हिंदी नाहीतर इंग्रजी. महाराष्ट्राचं ऑफिस मुंबईला आहे पण जायची गरज पडत नाही, ऑनलाइन भरता येते, फक्त डिजिटल सही लागते. फॉर्म १ म्हणजे अर्ज, फॉर्म २ म्हणजे माहिती, सोबत ३ अन् ५. एकट्या माणसाला ऑनलाइन १६०० रुपये, कागदावर पाठवलं तर १७५०. त्यात ३० पानं अन् १० दावे बसतात (दावा म्हणजे नेमकं काय तुमचं ते सांगणारं वाक्य), त्याच्यापेक्षा जास्त झाले तर दर पानाला १६० अन् दर दाव्याला ३२० जास्त. नाव १५ शब्दांत, सारांश १५० शब्दांत. आकृती ए-फोर कागदावर, भागांना आकडे द्यायचे अन् तेच आकडे मजकुरात, आकृतीवर गोष्ट लिहायची नाही.

जीव असतो दाव्यांमध्ये. माझ्या काठीचा दावा मी आधी असा लिहिला होता, "सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावलेली टोबायची काठी". तो पेटंटवाला हसला. म्हणे उद्या कोणी चामडं लावलं का तुमच्यातून सुटला. त्यानं सहज सांगितलं ते असं, पाईपच्या खालच्या टोकाला उघडमीट होणाऱ्या दोन पाकळ्या, एका पाकळीच्या आत लवचिक पट्टी अशी बसवलेली की मिटताना तिची कड दुसऱ्या पाकळीवरून घासत जाते. ट्यूबचं नावच नाही! ट्यूब येते माहितीत, कारण तिथं तुम्हाला माहीत असलेली सगळ्यात चांगली रीत खरीखरी लिहावीच लागते, लपवून चालत नाही.

वस्तू अजून पक्की नसेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे कच्चा अर्ज टाका, फी तेवढीच पण तारीख तुमच्या नावावर लागते, मग १२ महिन्यांत पूर्ण माहिती द्यायची. नाही दिली तर अर्ज सोडला असं धरतात. आमच्या इकडे एकाला एजंटनं प्रोव्हिजनलची पावतीच फ्रेम करून दिली, यानं ती बैठकीत लावली, वर्ष उलटलं, एजंट फोन उचलत नाही. पावती म्हणजे पेटंट नाही.

अर्ज १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होते, पण तपासणी आपोआप होत नाही, तिच्यासाठी फॉर्म १८ वेगळा, ४००० रुपये, ३१ महिन्यांच्या आत. हा विसरणारे लय आहेत. अर्जदारांत एक बाई असली तर लवकर तपासणी मागता येते, ८००० रुपयांत. मग परीक्षकाच्या हरकती येतात, घाबरू नका, सगळ्यांनाच येतात, सहा महिन्यांत उत्तर द्यायचं. पेटंट मिळालं की तिसऱ्या वर्षापासूनची फी भरत राहायची, सुरुवातीला वर्षाला ८००, पुढं वाढते, चुकली का पेटंट गेलं. एवढं झेपत नसेल तर गांधीनगरचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन गावातल्या शोधकांना मदत करते, आवडलं तर पेटंटाचा खर्च पण उचलते. नागपूरला सिव्हिल लाईन्समध्ये बौद्धिक संपदेची केंद्र सरकारची संस्था आहे, तिथं ट्रेनिंग होतात.

सुताराचा बैल सध्या माझ्या दुकानात आहे, बारदान्याखाली, कारण त्याच्या घरी पोट्ट्यांपासून काही लपत नाही. डिझाईनचा अर्ज झाला, पावतीचा नंबर अजून यायचा आहे. पोट्टे शाळेतून येताना बारदाना उचलून पाहायला बघतात अन् मी आतून ओरडतो.