मोठेपणी अलाइनर लावताय? या चुका टाळा

ब्रेसेसची तार दातांवर चिकटवलेल्या छोट्या तुकड्यांत पक्की बांधलेली असते, त्यामुळे पेशंट विसरला तरी ती आपलं काम करत राहते. अलाइनर म्हणजे दात सरळ करण्यासाठी दातांवर चढवायचा, काढता-घालता येणारा पारदर्शक प्लॅस्टिकचा ट्रे; असे नंबर दिलेले ट्रे एकामागून एक घालायचे असतात. त्याचं तसं नाही. तो तोंडात असेल तेवढाच वेळ दात सरकतो, डबीत गेला की काम थांबलं. पस्तिशी-चाळिशीत अलाइनर लावणारी माणसं हौसेनं आलेली असतात, स्वतःचे पैसे मोजून आलेली असतात. तरीही त्यातल्या पुष्कळांची ट्रीटमेंट रखडते. दुखतं म्हणून फारच थोड्यांची रखडते, बाकीच्यांची रखडते ती दिनक्रमामुळे. दुसरा चहा, तिसरा चहा, मीटिंग, पाहुणे, लग्नकार्य. शाळकरी मुलाला आई दटावते, ‘ट्रे घातलास का?’ मोठ्या माणसाला हे विचारायला कोणी नसतं. ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणारा डॉक्टर, म्हणून ज्या चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात आणि ज्या सहज टळू शकतात, त्या इथे लिहितो.

तास मनात मोजणं

दिवसाचे २० ते २२ तास अलाइनर तोंडात हवेत, हे सगळ्यांना पाठ असतं. ‘घालता ना?’ विचारलं की ‘हो, जेवतानाच काढतो’ असं उत्तर येतं, आणि ते मनापासून असतं. पण हिशेब मांडून बघा. दोन जेवणं, नंतरचा ब्रश धरून पाऊण-पाऊण तास. सकाळचा नाश्ता आणि चहा मिळून अर्धा तास. झाले दोन तास, म्हणजे बावीस तास धरले तर दिवसाचा कोटा संपला. आता त्यात ऑफिसमधला ११चा चहा, ४चा चहा आणि घरी आल्यावरचा चहा घाला. कप पाच मिनिटांत संपतो, पण गप्पा चालू असतात, ट्रे खिशातच राहतो, आणि प्रत्येक चहामागे वीस-पंचवीस मिनिटं जातात. म्हणजे आपण पावणेएकवीस तासांवर आलो, तेही अगदी साध्या दिवशी. दिवाळीत फराळाचं ताट समोर असतं, गणपतीत घरोघरी प्रसाद असतो. तेव्हा हाच आकडा सतरा-अठरावर येतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

यावर उपाय चहा सोडण्याचा नाही. चहा खाण्याला जोडून घ्या. सकाळचा नाश्त्याबरोबर, दुपारचा जेवण झाल्या झाल्या. मधला एखादाच ठेवा, आणि ट्रे काढताना फोनवर पंधरा मिनिटांचा गजर लावा. येता-जाता चार शेंगदाणे किंवा चिवड्याची मूठ तोंडात टाकायची सवय असेल, तर ती मात्र बंद करावी लागते. दर वेळी ट्रे काढा, खा, चूळ भरा, पुन्हा घाला, एवढं कोणीच करत नाही.

तासांवर एवढा भर का, तर दात थेट हाडात रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. ट्रेनं दात ढकलला की दाब येतो त्या बाजूचं हाड विरघळू लागतं आणि मागच्या बाजूला नवं भरू लागतं. याला सलग दाब लागतो. एक ट्रे दात साधारण पाव मिलीमीटर सरकवतो, फार नाही. रोज दोन-तीन तास दाब सुटला तर तो पाव मिलीमीटर पुरा होत नाही, आणि पुढचा ट्रे मात्र तो पुरा झालाय असं धरूनच बनवलेला असतो.

ट्रे बसलेला नसताना पुढच्या नंबरवर जाणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. डॉक्टरांनी दर दहा किंवा चौदा दिवसांनी ट्रे बदलायला सांगितलेलं असतं, तारीख येते आणि माणूस शिस्तीनं पुढचा ट्रे घालतो. आधीचा नीट बसला होता की नाही, हे पाहायचं राहून जातं.

पाहायचं कसं, ते सांगतो. ट्रे घाला, खिडकीपाशी उजेडात आरसा धरा आणि ओठ वर करून दातांच्या खालच्या कडा बघा. दाताचं टोक आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये पोकळी दिसते का? वरच्या पुढच्या मधल्या दातांपेक्षा त्यांच्या शेजारचे छोटे दात जास्त दगा देतात, कारण त्यांना पकड कमी मिळते. मग सुळे आणि उपदाढा बघा. त्यांचा आकार गोलसर असल्यामुळे त्या फिरवणं अलाइनरला जड जातं. दातांवर जे दाताच्याच रंगाचे उंचवटे चिकटवलेले असतात, ते अटॅचमेंट, त्यांच्यासाठी ट्रेमध्ये खाचा असतात. अटॅचमेंट खाचेत पूर्ण शिरलंय की अर्धंच, हेही दिसतं.

नवा ट्रे घातल्यावर पहिले एक-दोन दिवस किंचित पोकळी असली तर काळजी नाही. बदलायची तारीख आली तरी ती असेल, तर तोच ट्रे आणखी काही दिवस ठेवा. च्युईज म्हणून मऊ रबरी नळकांडी मिळतात. ज्या दाताशी पोकळी आहे तिथे ती धरून दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं दाबून चावा. तरी फरक पडला नाही तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. यात वेळ जातो तो आठवड्याचा. बसत नसलेल्या ट्रेवर तीन-चार नंबर पुढे गेलात तर दात एकीकडे आणि प्लॅन दुसरीकडे जातो. मग नव्यानं स्कॅन आणि नवे ट्रे.

लग्न किंवा साखरपुडा जवळ आला म्हणून पाच-पाच दिवसांत ट्रे बदलणारेही भेटतात. हाड तारीख बघून बदलत नाही. घाई करायची असेल तर डॉक्टरांना विचारून करा, मनानं नको.

ट्रे चढवताना दातांनी चावून बसवू नका, तो तडकतो. बोटांनी आधी पुढून दाबा, मग मागे. काढताना उलट: शेवटच्या दाढेच्या आतल्या बाजूनं नख घालून सोडवा, मग दुसरीकडून, आणि शेवटी पुढून. अटॅचमेंट लावल्यावरचे पहिले दिवस हे जमत नाही, नखं दुखतात. त्यासाठी छोटा प्लॅस्टिकचा हूक मिळतो, तो मागून घ्या. अटॅचमेंट निघून आलं तर ‘एक तर आहे’ म्हणून बसू नका. त्या दाताला पकड त्याचीच असते.

ट्रे घालूनच चहा पिणं

तासांचं गणित जमेना की ही युक्ती सुचते. ‘घोटभर तर आहे’ असं म्हणत. गरम चहानं प्लॅस्टिक मऊ पडून त्याचा आकार बदलू शकतो, ट्रे पिवळा होतो. पण त्याहून वाईट गोष्ट आत घडते. साखरेचा चहा ट्रे आणि दात यांच्यामध्ये शिरतो आणि तिथेच साचतो. एरवी लाळ दात धूत असते, ट्रेखाली ती नीट पोचत नाही. असे महिनेच्या महिने गेले की दात सरळ होतात आणि त्यांच्यावर पांढरे डाग, मग कीड दिसू लागते. मला याचं सगळ्यांत जास्त वाईट वाटतं, कारण ही कीड ट्रीटमेंटनंच दिल्यासारखी होते. ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी. सोलकढी, सरबत, नारळपाणी, कोल्ड्रिंक, यातलं काहीही प्यायचं तर ट्रे काढून.

बाहेर असताना ब्रश करता आला नाही तर? तोंडभर पाणी घेऊन तीन-चार वेळा जोरात चुळा भरा, ट्रे धुवा आणि घाला. ब्रश मिळेपर्यंत चार तास ट्रे बाहेर ठेवण्यापेक्षा हे बरं. मात्र रात्री फ्लॉस किंवा दातांमधल्या फटींचा छोटा ब्रश, याला सुट्टी नाही.

हळदीबद्दल सगळे विचारतात. ट्रे काढून जेवलात आणि चूळ भरून घातलात तर ट्रे फारसा पिवळा पडत नाही. अटॅचमेंट मात्र पडतात, कारण ती दात भरायच्या मसाल्याचीच असतात आणि हळद त्यांना धरते. शेवटी ती काढायचीच असल्यामुळे यासाठी जेवणात बदल करू नका. मिसरी, तंबाखू, गुटखा यांचं वेगळं. हिरड्या आणि हाड खराब करणारी ही गोष्ट चालू ठेवून दात सरकवणं धोक्याचं आहे, हे मी पेशंटला तोंडावर सांगतो.

धुणं आणि ठेवणं

उकळतं किंवा कडक पाणी नको. खरखरीत टूथपेस्ट नको. तिनं बारीक ओरखडे उठतात, ट्रे धुरकट दिसतो आणि ओरखड्यांत घाण बसते. साधं पाणी, मऊ ब्रश, बिनरंगाचा सौम्य लिक्विड सोप, बस. काढल्या काढल्या धुतला तर वास येत नाही. लाळ वाळल्यावर तिचा थर खरवडणं कठीण जातं. मे महिन्यात विदर्भात-मराठवाड्यात ट्रे बंद गाडीत ठेवू नका.

ट्रे हरवतात ते टिश्यूमुळे. हॉटेलात जेवायला बसताना तो कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला जातो, वेटर ताटाबरोबर कागदही उचलतो. डबी खिशात नसेल तर ट्रे पर्समध्ये, रुमालात, कुठेही ठेवा, टेबलावर नको. हरवलाच तर मनानं पुढचा घालू नका. आधीचा नंबर घालून दात धरून ठेवा आणि फोन करा. शेवटचे एक-दोन दिवस उरले असतील तर डॉक्टर पुढचा घालायला सांगतील, नाहीतर नवा बनवतील. त्यासाठी मागचा ट्रे कधीच टाकायचा नाही. मुलीकडे अमेरिकेला सहा महिने जाणार असाल तर पुढचे सगळे ट्रे आधी मागून घ्या आणि चेक-इन बॅगेत नव्हे, हातातल्या बॅगेत ठेवा.

बोलणं बोबडं होतं म्हणून काढून ठेवणं

स, श, च, ज हे उच्चार पहिले काही दिवस घसरतात. समोरच्याला ते तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मंही जाणवत नाही. शिक्षक, वकील, दिवसभर कॉलवर असणारी माणसं ‘कामापुरता काढतो’ म्हणतात, आणि काम सहा तासांचं असतं. शिवाय जीभ सरावते ती ट्रे घालून बोलल्यानंच. काढत राहिलात तर दोन आठवड्यांत संपणारा त्रास दोन महिने पुरतो. पहिला ट्रे शुक्रवारी रात्री सुरू करा आणि शनिवार-रविवार घरी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचा.

नवा ट्रे रात्री जेवणानंतर बदलावा, पहिला ताण झोपेत जातो. दोन-तीन दिवस दात ठणकल्यासारखे वाटतात, चपाती चावताना जाणवतं, ते अपेक्षित आहे. एकच दात सतत ठणकतोय, रात्री झोपमोड होतेय, हिरडी सुजलीय, तर ते ‘अलाइनरचं दुखणं’ समजून सोसू नका. वेदनाशामक घ्यायचंच झालं तर पॅरासिटामॉल बरं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सूज कमी करतात, आणि दात सरकण्याची क्रिया त्याच सूजेच्या रसायनांवर चालते, म्हणून त्या रोज घेऊ नयेत.

आधी तोंड न तपासता सुरुवात

हे खरं तर सर्वांत आधी यायला हवं, पण ट्रे सुरू झालेल्यांनीही वाचावं. मोठ्या माणसाच्या तोंडात इतिहास असतो. ब्रश करताना रक्त येत असेल तर आधी हिरड्यांचा इलाज. आजारी हाडावर दाब दिला तर दात सरळ व्हायच्या ऐवजी हलू लागतात. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, हाडाशी एकजीव झालेला असतो, मध्ये तंतूंचा थर नसतो, त्यामुळे तो कधीच सरकत नाही; प्लॅन त्याला धरून करावा लागतो. ब्रिजमधले, म्हणजे एकमेकांना जोडून बसवलेले, दात सुटे सरकत नाहीत. रूट कॅनाल झालेला दात मात्र सरकतो. मधुमेह असेल, हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेटच्या गोळ्या चालू असतील, तर न विचारता सांगा.

म्हणून एक्स-रे न काढता, हिरडी न तपासता, घरी ठसा घेऊन कुरियरनं ट्रे पाठवणाऱ्या योजनांपासून लांब राहा. अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही या पद्धतीची मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि तिचे कितीतरी पेशंट अर्ध्या वाटेवर राहिले. ज्यांनी तुमचे दात समोर बसवून पाहिलेत आणि पुढच्या वर्षीही पाहतील, अशा डॉक्टरांकडेच जा. एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स (दात सरळ करण्याच्या विषयातली पदव्युत्तर पदवी) आहेत का, हे विचारायला संकोच करू नका.

शेवटचा ट्रे झाला की संपलं, असं समजणं

शेवटच्या ट्रेनंतर पुन्हा स्कॅन करून थोडे जास्तीचे ट्रे लागणं नेहमीचं आहे. त्याचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का, हे सुरुवातीलाच विचारा. मागच्या दाढा शेवटी टेकत नाहीत असं वाटलं तर सांगा. बहुतेकदा काही आठवड्यांत त्या आपोआप बसतात, पण डॉक्टरांनी पाहिलेलं बरं.

मग येतो रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा ट्रे किंवा तार. हिरडीतले तंतू दाताला जुन्या जागी ओढत राहतात, नवीन हाड पक्कं व्हायलाही महिने लागतात. म्हणून आधी काही महिने जवळजवळ दिवसभर, आणि नंतर रात्री. किती वर्षं? दात जागेवर हवेत तितकी. खालच्या दातांमागे पक्की तार लावली असेल तर तिथे टार्टर (दातांवर जमणारा कडक थर) लवकर साचतो, सहा महिन्यांनी साफ करून घ्या. काही रात्री चुकल्या आणि रिटेनर घट्ट वाटू लागला, तर दात सरकायला लागलेत. लगेच रोज घाला. बसतच नसेल तर जोर लावू नका. तो तुटला किंवा हरवला तर शेवटच्या नंबरचा ट्रे त्याच रात्री घाला आणि आठवड्याच्या आत नवा बनवून घ्या.